अपुरे गेम परक्या हातांत पडावेत म्हणून

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

व्हिडिओ गेमविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, ते बहुधा दोन प्रकारचे असते. एक तर या उद्योगाची उलाढाल, त्यातल्या मोठ्या कंपन्या आणि त्यातून निर्माण होऊ शकणाऱ्या नोकऱ्या यांचे उत्साही वर्णन असते, नाही तर मुलांना लागलेल्या वेडाबद्दलची काळजी असते. दोन्ही विषय महत्त्वाचे आहेत, याबद्दल वाद नाही. मात्र एकट्याने किंवा दोघातिघांनी मिळून, नोकरी अथवा शिक्षण सांभाळून आणि कोणत्याही कंपनीच्या आधाराविना गेम तयार करणाऱ्या माणसांचा एक मोठा वर्ग या दोन्ही चर्चांच्या बाहेर राहतो, आणि ही माणसे ज्या लहान स्थानिक गटांत महिन्याकाठी एकदा भेटतात, त्या गटांचा उल्लेख झालाच तर तो ‘नवउद्योजकांचा मेळावा’ अशा थाटात होतो. असा उल्लेख वारंवार होऊ लागला की गटाचे संयोजकही तसाच विचार करू लागतात. मग वक्ते शोधले जातात, प्रायोजकांचे फलक लागतात, समोर खुर्च्यांच्या रांगा मांडल्या जातात आणि ज्या कामासाठी मंडळी जमली होती ते काम शेवटच्या दहा मिनिटांवर ढकलले जाते. अशा एका गटात मी बराच काळ जात आले आहे, स्वतः गेमचे प्रोग्रामिंग करते, आणि माझे ठाम मत असे आहे की या गटांचे मुख्य काम एकच असते: अपुरा गेम अनोळखी माणसाच्या हातात देणे आणि त्या वेळी काय घडते ते गेम करणाऱ्याला डोळ्यांनी पाहायला मिळणे.

हे काम इतके महत्त्वाचे का, हे गेम न बनवणाऱ्या वाचकांसाठी थोडे सविस्तर सांगायला हवे. कादंबरी लिहिणारा आपलाच मजकूर काही महिन्यांनी काहीसा वाचकाच्या नजरेने वाचू शकतो. गेमचे तसे होत नाही, कारण गेममध्ये वाचकाला काहीतरी करावे लागते, आणि जे करायचे ते कर्त्याच्या बोटांना पाठ झालेले असते. आपल्या घरात माणूस अंधारातही कुठे न धडकता वावरतो, तसा गेमचा कर्ता आपल्या गेममध्ये वावरत असतो. कोणता दरवाजा उघडतो, कोणती भिंत नुसती सजावटीची आहे, उडी मारण्यासाठी बटण किती वेळ दाबून ठेवायचे, कोपऱ्यातला लाल ठिपका म्हणजे उरलेला जीव की उरलेला वेळ, यांपैकी कशाचाही त्याला विचार करावा लागत नाही. त्याला सोपी वाटणारी लेव्हल नवख्या खेळाडूला अशक्य असते, आणि त्याने मोठ्या हौसेने रचलेले कोडे कित्येकदा कोडे आहे हेच खेळणाऱ्याच्या लक्षात येत नाही. नवख्याची दृष्टी हुशारीने किंवा अनुभवाने मिळत नाही. चार गेम पूर्ण केलेला माणूसही पाचव्या गेममध्ये तितकाच आंधळा असतो.

यावर उपाय एकच, तो म्हणजे ज्याने तो गेम कधीही पाहिलेला नाही अशा माणसाला तो खेळायला देणे, ज्याला गेम करणारे ‘प्लेटेस्ट’ म्हणतात. पण यात एक अडचण आहे, आणि स्थानिक गटाची खरी गरज त्या अडचणीतून निर्माण होते. कोणताही माणूस एखाद्या गेमसाठी नवखा फक्त एकदाच असतो. आज ज्या मैत्रिणीने माझा गेम खेळून पहिल्या खोलीत अडकून दाखवले, तिला पुढच्या महिन्यात तीच खोली दुरुस्त करून दाखवली तर तिचा अनुभव मला फारसे काही सांगत नाही, कारण तिला वाट आता ठाऊक झालेली असते. घरची माणसे, मित्र आणि कार्यालयातले सहकारी असे सगळे मिळून जेमतेम दोन-तीन फेऱ्यांत संपतात, आणि त्यातले बरेचसे प्रेमापोटी खोटे बोलतात. त्यामुळे दर महिन्याला काही नवे चेहरे येतील अशी जागा गेम करणाऱ्याला लागते, आणि ती एकट्याने उभी करता येत नाही. दहा जणांनी आपापली ओळखीची माणसे आणली तर मात्र प्रत्येकाला परकी माणसे मिळतात. गटाचे गणित एवढेच आहे आणि ते इतके साधे आहे की त्यावर कोणी भाषण देत नाही.

आता गटातले हे प्लेटेस्टचे टेबल कसे चालवावे याबद्दल. पहिला नियम असा की ज्याचा गेम आहे त्याने गप्प बसायचे. हा नियम ऐकायला सोपा आणि पाळायला फार कठीण आहे, कारण समोरचा माणूस डावीकडे जायचे सोडून पुन्हा पुन्हा उजवीकडच्या भिंतीवर धडकत असतो आणि आपल्या तोंडून ‘डावीकडे बघा’ हे शब्द निघण्याच्या बेतात असतात. ते निघाले की प्लेटेस्ट संपली. गेम विकत घेणाऱ्या माणसाच्या शेजारी गेमचा कर्ता बसलेला नसतो, तेव्हा त्याच्या मदतीने ओलांडलेली अडचण ही ओलांडलेली अडचण नव्हे. आमच्या गटात कर्त्याने खेळणाऱ्याच्या मागे, त्याला दिसणार नाही असे बसावे, हातात वही असावी आणि खेळणाऱ्याने स्वतःहून खेळ थांबवेपर्यंत एकही शब्द बोलू नये, असा दंडक आहे. नव्या सदस्यांना तो सुरुवातीला उद्धटपणाचा वाटतो.

दुसरे म्हणजे हातांकडे आणि चेहऱ्याकडे पाहायचे. तोंडी अभिप्राय नंतरचा. खेळणारा ‘छान आहे’ म्हणतो, पण त्याचा अंगठा कंट्रोलरवर कुठे थांबला, सूचना वाचताना त्याने डोळे बारीक केले का, एखादा प्रसंग वगळता येईल का म्हणून त्याने सगळी बटणे दाबून पाहिली का, हे खरे अभिप्राय असतात. अक्षरे फार बारीक आहेत, पार्श्वसंगीत संवादांवर चढते, लाल आणि हिरवा एवढाच फरक ठेवल्यामुळे रंगांधळ्या खेळाडूला शत्रू आणि मित्र सारखेच दिसतात, कॅमेरा उलट दिशेने फिरवायची सवय असलेल्याला तशी सोय मिळत नाही, अशा गोष्टी लेखी प्रश्नावलीत क्वचितच येतात, पण टेबलाशी पाच मिनिटे उभे राहिले तर डोळ्यांपुढे येतात. खेळणाऱ्याने अडचण कुठे आली हे सांगितले तर ते बहुधा बरोबर असते. त्यावर त्याने सुचवलेला उपाय मात्र बहुधा त्याला आवडणाऱ्या दुसऱ्या कुठल्या तरी गेममधून आलेला असतो. ‘इथे बंदूक द्या’ असे तीन जण म्हणाले, तर त्याचा अर्थ त्या जागी खेळणाऱ्याला हतबल वाटते आहे, एवढाच घ्यायचा. बंदूक द्यायची की नाही, हा कर्त्याचा प्रश्न.

शिवाय काही अगदी व्यवहारी गोष्टी आहेत, ज्यांच्याविना निम्मी संध्याकाळ वाया जाते. गेम इंजिन म्हणजे गेम बांधण्याचे सॉफ्टवेअर; त्याच्या एडिटरमध्येच गेम चालवून न दाखवता त्याचा वेगळा बिल्ड, म्हणजे ग्राहकाला मिळतो तसा स्वतंत्र चालणारा प्रोग्राम, काढून आणावा, कारण एडिटरमध्ये जे चालते ते बिल्डमध्ये बंद पडण्याची एक जुनी परंपरा आहे. आधीच्या खेळाडूचा सेव्ह, म्हणजे साठवलेली प्रगती, पुसून प्रत्येकाला पहिल्यापासून सुरू करता यावे. हेडफोन असावेत, नाही तर सहा टेबलांवरच्या सहा प्रकारच्या स्फोटांत कोणाचाच आवाज तपासला जात नाही. पहिल्या अर्ध्या तासावर भर द्यावा, आणि याला केवळ कलात्मक कारण नाही. संगणकावरचे बहुसंख्य स्वतंत्र गेम ज्या स्टीम या ऑनलाइन दुकानातून विकले जातात, तिथे खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेल्या गेमचे पैसे ग्राहकाला सहसा परत मिळतात. म्हणजे सुरुवातीच्या भागात गोंधळलेला खेळाडू गेम सोडून देतोच, आणि त्याचे पैसेही परत जातात. स्टीमवर डेमो दाखवण्याचा जो ‘नेक्स्ट फेस्ट’ नावाचा महोत्सव वर्षातून काही वेळा भरतो, त्यात एका गेमला एकदाच भाग घेता येतो. ही एकुलती एक संधी न तपासलेल्या डेमोवर खर्च करणे परवडणारे नाही.

यावर कोणी म्हणेल की हे सगळे आता इंटरनेटवर होऊ शकते. काही अंशी होते. गेमची फाइल पाठवली तर दूरचे लोक ती खेळतात, बग सापडले तर चित्रासह कळवतात, आणि खेळाडूंनी कोणत्या लेव्हलला गेम सोडला याची आकडेवारीही कोडमध्ये चार ओळी घालून गोळा करता येते. पण आकडेवारी कुठे सोडला ते सांगते, का सोडला ते सांगत नाही. कंटाळून सोडला, चिडून सोडला की दारावरची घंटा वाजली म्हणून सोडला, हे सारणीत एकाच आकड्याखाली जाते. आणखी एक फरक आहे. दूरचा माणूस स्वेच्छेने गेम उतरवून घेतो, म्हणजे त्याला त्या प्रकारच्या गेमची आधीच आवड असते, तर गटात शेजारच्या टेबलावरून सहज वळून आलेली व्यक्ती ही कदाचित त्या प्रकारचा गेम आयुष्यात प्रथमच हातात घेत असते. सर्वांत उपयोगी खेळणारे हेच असतात, आणि म्हणून गटाच्या बैठकीला गेम न बनवणाऱ्या, फारसे न खेळणाऱ्या माणसांनीही यावे असे मला मनापासून वाटते. ज्यांना ‘आम्हाला यातले काही कळत नाही’ असे वाटते, त्यांची तर विशेष गरज आहे.

प्रसिद्ध स्वतंत्र गेमच्या ज्या कहाण्या सांगितल्या जातात, त्यांतून या गरजेबद्दल गैरसमज होतो. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा 2016 साली आलेला गेम एरिक बॅरोन यांनी सुमारे साडेचार वर्षे खपून कोड, चित्रे, संगीत आणि लेखन असे सर्व काही स्वतः करून पूर्ण केला, हे खरे आहे, आणि ते थक्क करणारे आहे. परंतु ही कहाणी ऐकणाऱ्याच्या मनात एकांत हीच निर्मितीची अट आहे अशी समजूत बसते. त्याच्या शेजारी दुसऱ्या कहाण्या ठेवायला हव्यात. आर्वी तेइकारी यांच्या ‘बाबा इज यू’ या शब्दांच्या ठोकळ्यांनी नियमच बदलून टाकणाऱ्या गेमचा पहिला अवतार 2017 च्या नॉर्डिक गेम जॅम या झटपट गेम तयार करण्याच्या उपक्रमात तयार झाला आणि पूर्ण गेम 2019 मध्ये आला. ‘कीप टॉकिंग अँड नोबडी एक्सप्लोड्स’ या गेमची सुरुवात 2014 च्या ग्लोबल गेम जॅममध्ये झाली. त्यात एका खेळाडूला बॉम्ब दिसतो पण तो निकामी करण्याची पुस्तिका दिसत नाही, आणि इतरांना पुस्तिका दिसते पण बॉम्ब दिसत नाही. असा गेम एकट्याने खोलीत बसून सुचला तरी तपासता येणार नाही, कारण तो तपासायलाच दुसरा माणूस लागतो.

गेम जॅम म्हणजे ठरावीक विषयावर, बहुधा 48 तासांत, गेम तयार करण्याचा उपक्रम. ‘लुडम डेअर’ 2002 पासून आणि ग्लोबल गेम जॅम 2009 पासून चालत आले आहेत. त्यांचे मोल मोठे आहे, पण जॅमचा जोर प्रारंभावर असतो. दोन दिवसांत एक कल्पना हलतीबोलती होते, सगळे टाळ्या वाजवतात, फाइल चढवली जाते आणि सोमवारी प्रत्येक जण आपापल्या कामाला लागतो. त्यानंतरचे महिने, ज्यांत त्याच कल्पनेचे मेनू, सेव्ह, ध्वनीची पातळी, भाषांतर आणि चाळिसावी लेव्हल करायची असते, ते अत्यंत नीरस असतात आणि त्यात कोणी टाळ्या वाजवत नाही. बहुतेक गेम याच टप्प्यावर मरतात. महिन्याची बैठक इथे उपयोगी पडते, कारण पुढच्या वेळी काहीतरी नवे टेबलावर ठेवायचे आहे ही साधी लाज माणसाला रात्री अकरा वाजता संगणकापुढे बसवते.

मोठी व्यासपीठे वाईट असतात असे मला म्हणायचे नाही. आज हजारो लोक ज्या ‘गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स’ला जातात, तिची सुरुवात 1988 साली ख्रिस क्रॉफर्ड यांच्या सॅन होजे येथील घराच्या दिवाणखान्यात, जेमतेम पंचवीस-तीस डिझायनरांच्या बैठकीने झाली. परंतु या इतिहासावरून प्रत्येक दिवाणखान्याने परिषद होण्याची स्वप्ने पाहावीत असा निष्कर्ष काढला जातो, तो मला पटत नाही. परिषदा आधीच आहेत. त्यांतली पुष्कळ व्याख्याने घरबसल्या फुकट पाहता येतात आणि एखाद्या नामवंत डिझायनरचे विचार ऐकण्यासाठी आता गटाची गरज उरलेली नाही. परका हात मात्र घरबसल्या मिळत नाही. जे इतरत्र मिळते ते पुन्हा देण्यात गटाने आपली संध्याकाळ का घालवावी?

गट बिघडण्याची आणखी दोन-तीन कारणे सांगून टाकते. ‘माझ्याकडे कोट्यवधींची कल्पना आहे, फक्त प्रोग्रामर हवा’ असे सांगणारे गृहस्थ प्रत्येक गटात येतात; त्यांना नम्रपणे सांगावे की कल्पना कागदाच्या तुकड्यांवर आणि फाशांवर का होईना, पण खेळता येईल अशी करून आणा, टेबल मोकळे आहे. कल्पना चोरीला जाईल म्हणून काहीच न दाखवणारेही येतात. त्यांना समजावणे अधिक अवघड असते, पण गेममध्ये कल्पनेला फार थोडी किंमत आहे आणि ती पुरी करण्यालाच सगळी किंमत आहे, हे चार बैठकांत त्यांच्या आपोआप लक्षात येते. सर्वच प्रोग्रामर असलेला गटही लवकर सुकतो. चित्रकार, संगीतकार आणि लेखक यांना आपण इथे दुय्यम नाही असे वाटले पाहिजे, आणि त्यासाठी ‘थोडे फुकट काम करून द्या, नाव होईल’ हे वाक्य गटात निषिद्ध असले पाहिजे. गटात जुळलेल्या जोड्यांनी काम वाढू लागताच कोणाचा किती वाटा हे लिहून ठेवावे, कारण लेखी करार नसेल तर चित्रांचे हक्क सहसा चित्रकाराकडे आणि संगीताचे संगीतकाराकडे राहतात, आणि गेम विकला जाऊ लागल्यावर हा विषय काढणे कोणालाच सुखाचे नसते.

बायकांच्या सहभागाबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. रात्री उशिरा, आडबाजूच्या जागी, ओळखीच्या पुरुषांच्या कंपूत भरणारी बैठक ‘सर्वांसाठी खुली’ असली तरी प्रत्यक्षात खुली नसते. बैठकीची वेळ, जागा, वर्तनाचे लेखी नियम आणि तक्रार कोणाकडे करायची त्या दोन व्यक्तींची नावे, एवढे जाहीर केले तर फरक पडतो. मी स्वतः एका गटात जाणे सोडले ते तिथल्या गेममुळे नव्हे. खेळायला बसले की शेजारी उभा असलेला कोणीतरी माझ्या हातातला कंट्रोलर घेऊन ‘हे असे करायचे’ म्हणून दाखवत असे. वर सांगितलेला गप्प बसण्याचा नियम अशा ठिकाणी प्लेटेस्टपुरता राहत नाही.

व्यवसायाच्या बाबतीतही गटाचा उपयोग आहे, फक्त तो व्यासपीठावरून होत नाही. स्टीमवर गेम लावण्याचे शुल्क प्रत्येक गेममागे 100 डॉलर आहे, विक्रीतला 30 टक्के वाटा साधारणतः दुकानाकडे जातो, आणि तिथे दरवर्षी दहा हजारांहून अधिक नवे गेम दाखल होत आहेत. या माहितीला गुप्त असे काही नाही. पण पब्लिशरच्या, म्हणजे गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीच्या, करारातले कोणते कलम पुढे गळ्याशी येते, कोणत्या महिन्यात गेम आणू नये, दुकानातले गेमचे पान केव्हा उघडले तर लोकांना तो विशलिस्टमध्ये, म्हणजे पुढे घ्यायच्या गेमच्या यादीत, टाकायला पुरेसा वेळ मिळतो, हे ज्याने भोगले आहे त्याच्याकडूनच कळते, आणि ते तो माइकवर सांगत नाही, टेबलाशी सांगतो. 2023 च्या सप्टेंबरमध्ये युनिटी या प्रचलित इंजिनच्या कंपनीने ठरावीक मर्यादेपुढे प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क आकारण्याची घोषणा केली, तेव्हा एकट्याने काम करणाऱ्या कित्येकांची झोप उडाली. पुढे ते शुल्क सौम्य झाले आणि 2024 मध्ये रद्दही झाले. पण त्या आठवड्यांत आमच्या बैठकीत ज्यांनी अटी मुळातून वाचल्या होत्या त्यांनी त्या इतरांना समजावून सांगितल्या, कोणाकोणाला काहीच भरावे लागणार नाही हे आकडेमोड करून दाखवले, आणि ज्यांना तरीही इंजिन बदलायचे होते त्यांना 2014 पासून मुक्त परवान्याखाली उपलब्ध असलेल्या गोडॉ या दुसऱ्या इंजिनची पहिली पायरी त्याच संध्याकाळी दाखवली. घाबरलेल्या माणसाला ही मदत शेजारच्या खुर्चीवरून मिळावी लागते.

गेमच्या व्यसनाची काळजी करणाऱ्या वाचकांना हे सर्व वाचून प्रश्न पडला असेल की अशा उद्योगाला समाजाने जागा आणि प्रतिष्ठा का द्यावी. काळजी निराधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश झाला आहे आणि ते वर्गीकरण 2022 पासून लागू आहे, पैसे भरून नशीब आजमावायला लावणाऱ्या ‘लूट बॉक्स’ना बेल्जियमच्या नियामकाने 2018 मध्येच जुगार ठरवले. पण खेळाडूला अडकवून ठेवण्याच्या या युक्त्या मुख्यतः फुकट मिळणाऱ्या आणि आतून सतत खरेदी करायला लावणाऱ्या गेमच्या आहेत. एका किमतीला विकला जाणारा, आठ तासांत संपणारा लहान गेम करणाऱ्याला खेळाडूने रोज परत यावे यात फारसा लाभ नसतो. शिवाय आपल्या गेमपुढे बसलेला खराखुरा माणूस ज्याने पाहिला आहे, त्याला खेळाडूकडे आलेखातली रेघ म्हणून पाहणे जरा जड जाते, असा माझा अनुभव आहे. सगळे स्वतंत्र डेव्हलपर सज्जन असतात असा दावा मी करत नाही. त्यांच्यातही मोठ्यांच्या युक्त्यांची नक्कल करणारे आहेत, आणि ती नक्कल टेबलावर दिसली की आम्ही तोंडावर बोलतो.

तेव्हा मागणे काय, तर फार थोडे. सार्वजनिक ग्रंथालये, महाविद्यालये आणि सांस्कृतिक संस्था यांनी महिन्यातून एका ठरलेल्या दिवशी तीन तासांसाठी एक खोली द्यावी. त्यात व्यासपीठ नको, ध्वनिक्षेपक नको, प्रमुख पाहुणे तर मुळीच नकोत. सात-आठ टेबले, विजेची पुरेशी सॉकेट आणि व्हीलचेअर आत येईल असा दरवाजा एवढे पुरे. दिवस ठरलेला असणे महत्त्वाचे आहे, कारण दर वेळी जागा शोधण्याच्या धावपळीत संयोजक थकतो आणि एक संयोजक थकला की गट बंद पडतो. गटांनीही हे काम एकाच उत्साही माणसावर न टाकता दर काही महिन्यांनी ते दुसऱ्याकडे सोपवावे. पारितोषिके आणि स्पर्धा यांवर खर्च करू इच्छिणाऱ्या संस्थांनी तो पैसा खोलीच्या भाड्यावर आणि चार जुन्या, कमी ताकदीच्या संगणकांवर करावा. डेव्हलपरचा स्वतःचा संगणक नेहमीच ग्राहकाच्या संगणकापेक्षा चांगला असतो, आणि गेम रखडतो की नाही हे जुन्या यंत्रावरच कळते.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. नाट्यप्रयोग, चित्रप्रदर्शने आणि व्याख्याने यांच्या दैनंदिन यादीत आपण जी जागा राखता, तीत या बैठकींची एक ओळ छापावी: दिवस, वेळ, ठिकाण, आणि ‘खेळून पाहण्यासाठी कोणीही यावे, पूर्वानुभव नको’ एवढा मजकूर. उद्योगाच्या पानावर मात्र ती छापू नये, कारण तिथे ती वाचून येणारे लोक गुंतवणुकीबद्दल विचारतात आणि आम्हाला हवे आहेत ते ज्यांनी आयुष्यात कंट्रोलर हातात धरलेला नाही असे वाचक.

कळावे,
आपली नियमित वाचक
(एक स्वतंत्र गेम डेव्हलपर)